बावखलाचं पाप कोण सांगणार?

प्रायश्चित्तकाळ लागला की आमच्या वसईत लग्नाचे मंडप उतरतात. शुक्रवारी घरात मांस शिजत नाही. संध्याकाळच्या क्रूसाच्या वाटेला चर्च भरतं, आणि एरवी मिस्साच्या वेळी दारापाशीच घुटमळणारी तरुण पोरंही त्या दिवसांत आत येऊन गुडघे टेकतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडले तर चाळीस दिवस. वर्षातल्या सगळ्या दिवसांत मला हे दिवस सर्वांत जवळचे वाटतात. नाताळात माणसं आपापल्या घरच्या गोठ्यापाशी, आपापल्या पाहुण्यांत असतात. या चाळीस दिवसांत मात्र गाव गाव म्हणून देवासमोर उभा राहतो.

त्याची सुरुवातच मुळी राखेने होते, आणि ती राख कुठून येते हे पाहण्यासारखं आहे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी नेतात, त्यांचे क्रूस विणतात आणि भिंतीवरच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून तपकिरी होतात. स्वयंपाकघराजवळची तसबीर असेल तर त्यांच्यावर धुराचा चिकट थर बसतो. पुढच्या वर्षी राखेचा बुधवार जवळ आला की त्या चर्चमध्ये परत आणून द्यायच्या. चर्चच्या मागच्या अंगणात त्या जाळतात, निखारे विझले की राख चुरतात, बारीक चाळतात आणि वाटीत भरतात. त्या वाटीत बंगलेवाल्याची झावळी असते, कोळीवाड्यातली असते, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचीही असते. फादरांचा अंगठा कपाळावर क्रूस काढतो तेव्हा कुणाच्या घरातली राख कुणाच्या कपाळाला लागली हे कुणालाही सांगता यायचं नाही.

पुढे चार-पाच आठवड्यांनी, पवित्र सप्ताहाच्या तोंडावर, सामूहिक प्रायश्चित्तविधी होतो. त्या संध्याकाळी शेजारच्या धर्मग्रामांतले फादरही मदतीला येतात. उधळ्या पुत्राचा दाखला वाचला जातो. मग सदसद्विवेकाच्या तपासणीचे प्रश्न असतात. फादर एक प्रश्न वाचतात आणि थांबतात. आईवडिलांना दुखावलं का? दारूपायी घर उपाशी ठेवलं का? भावाशी अबोला धरला का? शेताचा बांध सरकवला का? प्रत्येक प्रश्नानंतरची शांतता वेगळी असते. बांधाचा प्रश्न आला की खोकणारी माणसंही खोकायची थांबतात. मग सगळे उभे राहून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतात, आणि तिच्यात जिथे स्वतःच्या अपराधाचा उच्चार येतो तिथे प्रत्येकाची मूठ छातीवर पडते. एकट्याची मूठ ऐकू येत नाही. चारशे-पाचशे माणसांची येते. एक जड, दबका आवाज दगडी भिंतींना लागून परततो. मला त्या आवाजाने प्रत्येक वेळी हलायला होतं.

त्यानंतर रांगा लागतात. कुणी फादर पापनिवेदनाच्या कोठडीत, कुणी बाजूच्या वेदीपाशी खुर्चीवर, कुणी अंगणात आंब्याखाली. एकेक जण जाऊन कानात सांगतो, प्रायश्चित्त म्हणून दोन-चार प्रार्थना घेतो, येऊन गुडघे टेकतो. विधी सामूहिक आणि पापनिवेदन खासगी, अशी ही जोड आहे. 1973 साली रोमने प्रायश्चित्तविधीचे जे तीन प्रकार ठरवले त्यातला हा दुसरा. तिसऱ्या प्रकारात सगळ्यांना एकत्रच क्षमा दिली जाते, पण तो युद्ध, महामारी अशा आणीबाणीसाठी राखून ठेवलेला आहे. 2020च्या प्रायश्चित्तकाळात कोविडने जग बंद पडलं तेव्हा व्हॅटिकनने त्याची आठवण मुद्दाम करून दिली होती.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या धर्मग्रामाच्या उपासना समितीत आम्ही या प्रश्नांची यादी करायला बसलो होतो. एका बाईंनी सुचवलं, "बावखलांचा प्रश्न घालूया." क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक ज्येष्ठ काका म्हणाले, "बाय, ते पाप कुणाच्या नावावर घालशील? भरणी टाकली बिल्डरने. जमीन विकली भावाभावांनी मिळून. परवानगी दिली सरकारने. कोठडीत जाऊन सांगायचं कुणी?" प्रश्न यादीत आला नाही. काकांचं बोलणं मात्र माझ्या मनातून गेलं नाही, कारण ते टाळण्यासाठी बोलले नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

वसईबाहेरच्या वाचकाला बावखल म्हणजे काय ते सांगायला हवं. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं आणि शेजारच्या विहिरीचं पाणी गोडं ठेवायचं. समुद्र एका बाजूला आणि खाडी दुसऱ्या बाजूला असलेल्या या पट्ट्यात गोडं पाणी ही देणगी आहे. जमिनीत वरून गोड्या पाण्याचा दाब राहिला नाही की खालून खारं पाणी सरकत आत येतं. रहाटाच्या माळेने पाणी ओढून पूर्वजांनी इथे केळी, पानवेली आणि फुलं पिकवली ती या व्यवस्थेच्या जिवावर. मग रहाट गेले, इंजिनं आली, मग विजेचे पंप आले. विरारपर्यंत इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांना पाणी हवं होतं. वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागू लागले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, हजारो माणसं रस्त्यावर आली, आणि तेव्हा जे वाचलं ते त्यांच्यामुळेच वाचलं. पण आंदोलन बाहेरच्या बिल्डरविरुद्ध जितकं सोपं होतं तितकं घरातल्या सातबाऱ्याविरुद्ध नव्हतं. टँकरला पाणी विकणारी विहीर आपल्याच कुणाची होती. बावखलात टाकलेल्या डेब्रिजवर आज आपलीच चाळ आहे.

या व्यवहारातल्या प्रत्येकाला कोठडीत नेऊन विचारा, तो स्वच्छ मनाने सांगेल की माझं पाप नाही. एकाला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा होता. दुसऱ्याला डासांचा त्रास होता. तिसऱ्याने फक्त सही केली. सगळे खरं बोलत असतील, आणि तरी विहीर मचूळ झालीच. एकाच्या कानात एकाने सांगायच्या पद्धतीत या पापाला जागा नाही, कारण ते कुणा एकाचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सामूहिक पापकबुली ख्रिस्तसभेने राखून ठेवली ती अशाच पापांसाठी. वैयक्तिक पापनिवेदनाआधीचं वातावरण तयार करणारी भक्तिगीतं एवढंच तिचं काम नाही.

हे मी नवं काही सांगत नाही. खासगी कोठडीच नवी आहे. पडदा आणि जाळी असलेलं लाकडी आसन सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांच्या प्रयत्नांनी रूढ झालं. पोर्तुगीज वसईत 1534 साली आले, म्हणजे वसईत क्रूस आला तेव्हा अशी कोठडी चर्चमध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षातून एकदा तरी धर्मगुरूकडे पापनिवेदन करायलाच हवं हा नियम 1215 सालच्या चौथ्या लॅटेरन धर्मसभेचा. त्याच्याही आधीच्या काळात मोठ्या पापाचं प्रायश्चित्त उघड्यावर होत असे. प्रायश्चित्तकाळाच्या सुरुवातीला पापी माणसाला भाविकांच्या मंडळीतून बाहेर उभं करत आणि पवित्र गुरुवारी बिशप त्याला हात धरून पुन्हा आत घेत.

त्या काळातली एक बाई मला वारंवार आठवते. फाबिओला. चौथ्या शतकातल्या रोममधल्या मोठ्या घराण्यातली. पहिला नवरा व्यसनी आणि दुराचारी होता म्हणून तिने त्याला सोडलं आणि दुसरं लग्न केलं, जे ख्रिस्तसभेच्या नियमात बसत नव्हतं. दुसरा नवरा वारल्यावर ती ईस्टरच्या आधी लॅटेरनच्या महामंदिरासमोर पश्चात्तापी लोकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. केस मोकळे, अंगावर जाडंभरडं वस्त्र. संत जेरोमने तिच्या मृत्यूनंतर, 399च्या सुमारास, एका पत्रात हे लिहून ठेवलं आहे. सगळं रोम पाहत होतं. पुढे तिने आपली मालमत्ता विकून रोममध्ये आजाऱ्यांसाठी इस्पितळ काढलं आणि जखमा स्वतःच्या हातांनी धुतल्या.

तसल्या नवऱ्याला सोडल्याबद्दल एखाद्या बाईने तसं उभं राहावं असं मला आज अजिबात वाटत नाही. तो न्याय मला मान्य नाही. पण जेरोमच्या पत्रातली एक गोष्ट मी सोडू शकत नाही: तिच्याबरोबर बिशप रडले, धर्मगुरू रडले, जमलेले लोक रडले. ती एकटी तमाशा होऊन राहिली नाही. तिच्या पश्चात्तापाचं ओझं सगळ्या मंडळीने उचललं. तिची कबुली मंडळीची झाली. पापनिवेदन खासगी झालं आणि ही गोष्ट गेली.

कोठडीने दिलं तेही थोडं नाही. बदनामीची भीती न बाळगता मन मोकळं करता येणं, फादरांच्या तोंडून ते कधीही बाहेर जाणार नाही याची खात्री, ही फार मोठी कृपा आहे. ज्या बाईला घरात कुणाशीच बोलता येत नाही तिला त्या जाळीमागे बोलता येतं. पण पाप म्हणजे माझं आणि देवाचं खासगी खातं अशी समजूत हळूहळू घट्ट झाली ती त्यातूनच. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली उपासनेवरच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं की प्रायश्चित्तकाळातलं प्रायश्चित्त आतलं आणि वैयक्तिक एवढंच न राहता बाहेरचं आणि सामाजिकही असावं, आणि पापाचे समाजावर होणारे परिणाम लोकांना शिकवावेत. त्याला साठ वर्षं उलटून गेली. परिणाम शिकवणं अजून बाकी आहे.

प्रॉटेस्टंट भावंडांकडे, म्हणजे पुणे-अहिल्यानगरच्या जुन्या मंडळ्यांत, कोठडी नाहीच. तिथे प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी मिळून पापकबुली म्हणते आणि पाळकसाहेब क्षमेची घोषणा करतात. कानात सांगायची सोय नसल्याने सगळा भार त्या एका प्रार्थनेवर असतो. आम्ही कॅथलिक ती प्रार्थना पुष्कळदा नुसती उरकतो, हे पाहून मला त्यांचा हेवा वाटला आहे.

आणि बायबल तर याहून पुढे जातं. नहेम्या हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमचा विध्वंस झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता, मध्ये शंभरावर वर्षं गेली होती. तिथल्या भिंती अजून पडलेल्या आहेत हे कळल्यावर शूशनच्या राजवाड्यात बसून तो उपवास करतो, रडतो आणि देवाला आपल्या लोकांची पापं सांगतो. सांगताना आपल्या बापाच्या घराण्याला आणि स्वतःलाही त्यात धरतो. ते पाप त्याने केलेलं नव्हतं. पण त्या लोकांचा वारसा त्याला हवा होता, आणि वारसा हवा असेल तर कर्जही आपलंच. मग तो उठतो आणि भिंत बांधायला जातो.

अशी कबुली मोठ्या प्रमाणावर माझ्या आयुष्यात एकदा झाली. 12 मार्च 2000, प्रायश्चित्तकाळाचा पहिला रविवार. रोमच्या सेंट पीटर्स महामंदिरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांची देवाजवळ क्षमा मागितली. वयाची ऐंशी जवळ आलेली, कंपवाताने थरथरणारे हात. व्हॅटिकनमधल्या पदाधिकाऱ्यांनी एकेक करून सात कबुल्या मांडल्या, त्यांतल्या काही अशा: सत्याच्या नावाखाली वापरलेली हिंसक साधनं, ख्रिस्ती ऐक्य मोडणारी पापं, यहुदी लोकांविरुद्धची पापं, इतर लोकांच्या संस्कृतींचा आणि धर्मांचा अवमान, स्त्रियांचा अवमान. प्रत्येक कबुलीनंतर क्रूसापुढचा एक दिवा लागला. शेवटी पोपमहोदयांनी त्या क्रूसाला मिठी मारली. तो क्रूस रोममधल्या सान मार्चेल्लो चर्चचा. 1522च्या साथीत रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला. वीस वर्षांनी, मार्च 2020 मध्ये, पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकात उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे हाच क्रूस होता.

सत्यासाठी वापरलेल्या हिंसक साधनांची कबुली वाचली ती तेव्हाचे कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट यांनी. धर्मसिद्धान्त पाहणारं जे खातं त्यांच्याकडे होतं, त्याचं मूळ रोमच्या इन्क्विझिशनमध्ये आहे. मला तिथे गोवा आठवतो. 1560 ते 1812, मधली काही वर्षं वगळता, गोव्याच्या इन्क्विझिशनचा अंमल पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखावर होता. म्हणजे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत वसईवरही होता. तिथेही सामूहिक प्रायश्चित्तच होतं. अंगात सांबेनितो नावाचे शिक्षेचे झगे, हातात मेणबत्त्या, अनवाणी मिरवणूक, भर चर्चमध्ये मोठ्याने वाचलेले गुन्हे. दमणला पकडून गोव्याला नेलेला फ्रेंच डॉक्टर शार्ल दलों याने 1687 साली ते सगळं पुस्तकात लिहून युरोपला दाखवलं. कुणाच्या घरी जुन्या धर्माचा एखादा रिवाज उरला म्हणून कुणी तिथे उभं केलं गेलं. बळाने वदवलेली कबुली ही कबुलीच नव्हे. त्या मिरवणुकीत पापी कोण होते हे आज सांगायची गरज नाही, आणि इन्क्विझिशनचा वारसा असलेल्या खात्याच्या प्रमुखाने उभं राहून बोलावं यात मला न्याय दिसतो.

पण त्याच दिवसाची दुसरी बाजूही आहे. मानवी हक्कांविषयीची कबुली वाचली व्हिएतनामचे आर्चबिशप व्हान थुआन यांनी. कम्युनिस्ट सरकारने त्यांना तेरा वर्षं कैदेत ठेवलं होतं, त्यातली नऊ एकांतकोठडीत. न्याय आणि शांतीचं खातं त्यांच्याकडे होतं, म्हणून वाचणं त्यांच्या वाट्याला आलं. ज्याने सोसलं त्याच्याच तोंडी कबुली. पुढे टीकाही झाली की यहुद्यांविषयीच्या प्रार्थनेत होलोकॉस्टचा उल्लेखसुद्धा नव्हता, आणि पाप लेकरांनी केलं असं म्हणून ख्रिस्तसभा स्वतः बाजूला राहिली. ही टीका मला रास्त वाटते. नाव न घेता केलेली कबुली सगळ्यांना सोयीची पडते.

सामूहिक कबुलीतली खरी अडचण इथेच आहे. त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये मार खाणारी बायको आणि मारणारा नवरा एकाच बाकावर उभे राहून एकच वाक्य म्हणतात, दोघेही छातीवर मूठ मारतात. तिने कशाचा पश्चात्ताप करायचा? देशभरातल्या चर्चमध्ये दलित ख्रिस्ती माणूस उभा असतो, ज्याच्या आजोबांना काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा वेगळी जागा मिळाली. डिसेंबर 2016 मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि ख्रिस्तसभेच्या आतला जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचं मान्य केलं. ते धोरण रविवारच्या मिस्साच्या पापांगीकारात कधी उतरलं? सगळ्यांनी मिळून सगळं कबूल केलं की ज्याने केलं तो गर्दीत लपतो आणि ज्याने सोसलं त्याच्या डोक्यावर वाटा येतो.

यातून बाहेर पडायची वाट आयर्लंडमध्ये सापडली असं मला वाटतं. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे अहवाल 2009 साली तिथे बाहेर आले. पुढच्या प्रायश्चित्तकाळात, 19 मार्च 2010 रोजी, पोप बेनेडिक्ट यांनी आयरिश भाविकांना पत्र लिहून वर्षभर शुक्रवारची प्रायश्चित्तं या कारणासाठी अर्पण करायला सांगितलं. पत्राचा सूर कळवळ्याचा होता, पण लोकांना ते खुपलं. धर्मगुरूंनी गुन्हा केला, बिशपांनी लपवला आणि उपवास आम्ही करायचा का? त्यांचा प्रश्न बरोबर होता.

मग 20 फेब्रुवारी 2011 रोजी, त्या वर्षीचा प्रायश्चित्तकाळ सुरू व्हायच्या थोडं आधी, डब्लिनच्या प्रो-कॅथीड्रलमध्ये शोक आणि पश्चात्तापाचा एक विधी झाला. तो बसवण्यात अत्याचार सोसलेल्या माणसांचाच हात होता. सुरुवातीला डब्लिनचे आर्चबिशप डर्मिट मार्टिन आणि बॉस्टनचे कार्डिनल शॉन ओ'मॅली वेदीसमोर जमिनीवर पालथे पडले. तेवढा वेळ गाणं नाही, प्रवचन नाही. अभिषेकाच्या दिवशी धर्मगुरू असाच पालथा पडतो, आणि गुड फ्रायडेच्या विधीच्या आरंभीही. अधिकार मिळताना जी मुद्रा करायची तीच अधिकाराचा अपराध मान्य करताना केली. बाकी सगळे पाहत होते. नंतर त्या दोघांनी आठ पीडितांचे पाय धुतले आणि पुसले. इथे कुणी गर्दीत लपलं नाही. कुणी पडायचं आणि कुणी बसायचं, याचा क्रम त्या दिवशी बरोबर लागला.

एवढ्याने सगळं भरून निघालं असं कुणीही म्हणणार नाही. आलेल्यांपैकी कित्येकांचा राग तसाच राहिला असेल, आणि राहावा. पण मला त्यातून आमच्या काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. कुणा एकाच्या नावावर न बसणारं पाप सगळ्यांनी मिळूनच सांगायचं. पण सांगताना एका ओळीत उभं राहायचं नाही. ज्याच्या हातात सही होती, ज्याच्या खात्यात पैसा आला, ज्याने बघून मान फिरवली आणि ज्याच्या विहिरीला खारं पाणी आलं, या चौघांच्या तोंडी एकच वाक्य घालू नये. पहिल्याने गुडघे टेकावेत. चौथ्याला बसायला खुर्ची द्यावी.

उरलेलं अर्धं उत्तर भरपाईत आहे. जक्कय जकातदाराने प्रभूला घरी घेतलं तेव्हा नुसतं वाईट वाटल्याचं सांगितलं नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन म्हणाला. कोठडीत फादर प्रायश्चित्त सांगतात ते यासाठीच, जरी आज ते तीन वेळा नमो मरिया म्हणण्यापुरतं उरलं असलं. सृष्टीविरुद्ध केलेला अपराध हे पाप आहे असं कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी 1997 साली निःसंदिग्ध सांगितलं, आणि 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी'मध्ये त्यांचा दाखला घेऊन ते आम्हा कॅथलिकांपुढे ठेवलं. म्हणजे बावखलाचा प्रश्न यादीत घालायला आता धर्मशास्त्राची अडचण राहिलेली नाही. राजकारण चर्चमध्ये आणू नका असं कुणी म्हणेल. पण ज्या पाण्याने बाप्तिस्मा होतो ते पाणी विहिरीत आहे की टँकरमध्ये, हा प्रश्न चर्चबाहेरचा कसा?

गाळ काढणं हे प्रायश्चित्त होऊ शकतं. अजून बुजलेली नाहीत अशी बावखलं गावोगाव आहेत. काही ठिकाणी तरुणांनी ती वाचवायचा ध्यास घेतला आहे, त्यांना सुट्टीच्या दिवशी चार हात आणि घमेलं हवं असतं. ईस्टर बहुधा एप्रिलमध्ये येतो, पाऊस जूनमध्ये. मधले आठवडे त्या कामाला पुरेसे आहेत.

म्हणून माझ्या धर्मग्रामातल्या आणि शेजारच्या धर्मग्रामांतल्या लोकांना माझी विनंती आहे. येत्या प्रायश्चित्तविधीच्या आधी आपल्या आळीत बसा आणि आपला प्रश्न आपण लिहा. बुजवलेल्या बावखलाचं नाव घ्या, प्रत्येक बावखलाला नाव असतं. कुणाच्या घरचा कुणाशी रोटीबेटीचा व्यवहार अजून का होत नाही तेही लिहा. भाडेकरूंना समितीवर का घेतलं नाही तेही लिहा. तो कागद फादरांना द्या आणि म्हणा, हा मोठ्याने वाचा. आणि वाचला जाईल तेव्हा पंच, समितीचे सभासद, जमीनमालक आणि आम्ही यादी करणारे सर्वांत पुढच्या बाकावर, गुडघ्यांवर असू द्या.